मदत हवी आहे: भाच्याला घाटात बाईक नीट चालवायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी, विषय घरातलाच आहे आणि जरा लांबेल, पण पूर्ण वाचून सांगा.

माझा भाचा साताऱ्याला असतो, २२ वर्षांचा आहे, दिवाळीनंतर त्याने स्वतःच्या पगारातून सेकंडहँड ३९० ड्यूक घेतली. त्याआधी कॉलेजची सगळी वर्षं दाजींची स्प्लेंडर. म्हणजे साधारण ८ हॉर्सपॉवरच्या गाडीवरून थेट ४३ च्या गाडीवर, मधली पायरीच नाही. पोरगं वाईट नाही, दारू नाही की काही नाही, हेल्मेट घातल्याशिवाय किल्ली फिरवत नाही, गाडीची निगा पण छान ठेवतो. पण रविवारी पहाटे ग्रुप निघतो, पसरणी घाट नाहीतर कास, वर नाष्टा आणि परत, आणि त्यात कोण कोणाच्या पुढे हेच चालतं. मग ते इन्स्टावर पडतं, ताई ते बघते आणि मला फोन करते.

दाजींचं म्हणणं सरळ आहे, गाडी विका. मला ते पटत नाही. विकली तर मित्राची घेऊन जाणार, आणि मग आपल्याला कळणारही नाही. शिवाय त्याला खरंच आवड आहे, ती मारून काय मिळणार. मला त्याला चांगला रायडर झालेला बघायचंय, म्हणून इथे विचारतोय.

मी मुद्दाम त्याच्यासोबत एक राईड केली. सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, आणि पुढे आंबेनळी उतरून पोलादपूर. माझी जुनी युनिकॉर्न. तो माझ्यासाठी स्पीड कमी ठेवून पुढे होता त्यामुळे त्याची चालवायची पद्धत बऱ्यापैकी जवळून बघता आली, आणि खरं सांगायचं तर मला स्पीडपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली.

उजव्या वळणाला तो मधल्या पांढऱ्या पट्टीला चिकटून जातो. टायर पट्टीच्या आतच, त्यामुळे त्याला वाटतं आपण आपल्या लेनमध्येच आहोत. पण गाडी उजवीकडे झुकलेली असते ना, मग हेल्मेट, खांदा, हँडलचं टोक सगळं पट्टीच्या पलीकडे, समोरून येणाऱ्याच्या वाटेत. आंबेनळीत एसटी वळताना किती रस्ता घेते ते तिथून गेलेल्यांना माहितीये, तिला दुसरा इलाजच नसतो. आणि डाव्या वळणाला शिरताना हा पार पट्टीपर्यंत बाहेर जातो, मग आत कापतो, आणि निघताना परत पट्टीकडे जातो. पुढचं काहीही दिसत नसताना. विचारलं तर म्हणतो, "मामा, ही रेसिंग लाईन आहे, अशानेच गाडी स्मूथ जाते." ट्रॅकवर बरोबर असेलही, तिथे समोरून कोणी येत नाही, पण पोलादपूरहून भाजीचा टेम्पो येतो त्याचं काय?

एका हेअरपिनला आतल्या बाजूला पावसात वाहून आलेली बारीक खडी पडली होती, चांगली तीन-चार फूट पसरलेली. त्याचं मागचं चाक तिथे जरासं सरकलं, त्याने गाडी सावरली आणि पुढच्या थांब्यावर खूश होऊन सांगत होता की बघा कशी सेव्ह केली. सावरली हे खरंच, हात चांगला आहे त्याचा. पण त्याला ती खडी आधी दिसलीच नव्हती, आणि याबद्दल त्याला काहीच वाटत नव्हतं. मला तिथेच पोटात गोळा आला.

आता त्याचे मुद्दे पण सांगतो, सगळेच चुकीचे नाहीत. तो म्हणतो हायवेला तुम्ही ५० ने डावीकडून जाता तेव्हा मागून ट्रक अंगावर येतो, ट्रॅफिकच्या वेगाने जाणं जास्त सेफ. हे खंबाटकीच्या चढाला मी स्वतः अनुभवलंय. तो म्हणतो स्प्लेंडरवाले मोबाईल कानाला लावून राँग साईडने येतात, त्यांना कोणी बोलत नाही आणि स्पोर्ट्स बाईक दिसली की सगळे शहाणपणा शिकवतात. हेही खरंय. बाईकवाल्यांसाठी केंद्राची मर्यादा दुभाजकाच्या चौपदरी रस्त्याला ८० आणि बाकी रस्त्यांना ६० आहे, राज्य त्याहून कमी ठेवू शकतं, हे त्याला पाठ आहे. पण घाटात ६० सुद्धा कुठे कुठे जास्त होतं हे त्याच्या डोक्यात शिरत नाही.

आकडे दाखवून झाले. २०२२ च्या केंद्र सरकारच्या रिपोर्टमध्ये देशभरात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात दुचाकीवाले ७४,८९७. म्हणाला यातले बहुतेक बिनहेल्मेटवाले असणार. त्याच रिपोर्टमध्ये हेल्मेट न घातल्याने गेलेले ५०,०२९ दिलेत, म्हणजे बाकीचेही कमी नाहीत, पण आकड्यांनी पोरगं बदलत नाही हे मला कळलंय.

तर मला मदत हवीये ती अशी. घाटात लेनमध्ये नेमकं कुठे राहायचं हे तुम्ही कसं शिकलात, आणि त्याला पटेल अशा भाषेत कसं सांगू? घराजवळ मोकळ्या मैदानात करता येईल अशी काही प्रॅक्टिस आहे का? ट्रॅकवर पाठवलं तर रस्त्यावरचा वेग कमी होतो की उलट वाढतो, पाठवलेल्यांनी सांगा. आणि ग्रुपचं काय करायचं, तो ग्रुप सोडणार नाही. "गाडी विका" सोडून काहीही सुचवा.

प्रतिसाद (पुणे)

दादा, पोरगं मामाबरोबर राईडला येतंय आणि आपले मुद्दे मोकळेपणाने मांडतंय, अर्धं काम इथेच झालंय.

लाईनबद्दल. त्याला "हळू जा" अजिबात म्हणू नका. त्याला वळणात एक जागा बघायला शिकवा, रस्त्याची डावी आणि उजवी कड लांबवर जिथे एकत्र आल्यासारखी दिसते ती. ती जागा तुमच्याकडे येतेय असं वाटलं तर वळण आवळतंय, वेग कमी. ती लांब पळायला लागली की वळण सुटतंय, आता गॅस द्या. आणि नियम एकच, जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. आंबेनळीसारख्या अरुंद रस्त्यावर तर त्याच्या निम्म्यात, कारण समोरचाही आपल्याकडेच येतोय.

हिशोब त्यालाच करायला लावा, ही पोरं हिशोबाला मानतात. ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डोळ्याने बघून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, मग कोरड्या चांगल्या डांबरावर थांबायला अजून २० मीटर, म्हणजे एकूण ३७. आता ९० घ्या. २५ मीटर नुसते बघण्यात, आणि ब्रेकिंगला ४५, म्हणजे ७० मीटर. वेग दीडपट झाला पण ब्रेकिंगचं अंतर सव्वादोन पट, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. मग त्याला घाटातल्या एखाद्या आंधळ्या वळणावर गाडी बाजूला सुरक्षित लावून दाखवा की इथून किती मीटर दिसतं. माझा एक मित्र फक्त यानेच सुधारला.

उजवं वळण आंधळं असेल तर लेनच्या डावीकडच्या अर्ध्यातच राहायचं, डोकं पट्टीच्या आत. टायर कुठे आहे ते मोजायचंच नाही, हेल्मेट कुठे आहे ते मोजायचं. हे वाक्य त्याला असंच्या असं सांगा. डाव्या वळणाला थोडं बाहेरून शिरलं तर जास्त पुढचं दिसतं हे त्याचं बरोबर आहे, पण लेनच्या मधोमधपेक्षा फार बाहेर नाही, आणि पुढचं सगळं दिसल्याशिवाय आत कापायचं नाही. लवकर आत कापलं की निघताना गाडी बाहेर फेकली जाते, तुम्ही पाहिलंत तेच ते.

मैदानावरची प्रॅक्टिस: ४० ला सरळ जाऊन पूर्ण ब्रेक, नजर लांब. पुढचा ब्रेक एकदम करकचून नाही, आधी हलका दाब, गाडीचं वजन पुढे आलं की मग जोरात. एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) थरथरणं लिव्हरवर एकदा जाणवलं की भीती जाते. पण हेही सांगा की साधं एबीएस सरळ उभ्या गाडीसाठी असतं, झुकलेल्या गाडीत त्याच्या भरवशावर राहू नये. त्यानंतर काउंटरस्टिअरिंग, वेगात असताना डावीकडे जायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं. संकटात गाडी वळवायची तर हेच कामाला येतं. आणि नजर जिथे, गाडी तिथे. खड्ड्याकडे बघत राहिला तर खड्ड्यातच जाणार.

प्रतिसाद (नाशिक)

वरच्यांनी छान सांगितलंय, मी फक्त ग्रुपचं सांगते, आमचा ग्रुप बरीच वर्षं चालतो आणि आम्हीही हे सगळं भोगलंय.

पाठलाग होतो तो मागे पडायच्या भीतीने. मागचा विचार करतो की हे लोक निघून जातील, रस्ता चुकेल, म्हणून स्वतःच्या लायकीच्या वर चालवतो. आम्ही निघायच्या आधी थांबे ठरवतो, घाटाच्या खाली एक, वर एक, आणि शेवटचा आल्याशिवाय कोणी हलत नाही. सगळ्यात नवीन किंवा हळू रायडर लीडरच्या लगेच मागे, शेवटी अनुभवी माणूस. हायवेला एक जण लेनच्या डावीकडे, त्याच्या मागचा उजवीकडे असं एकाआड एक, घाटात सगळे एका रांगेत आणि भरपूर अंतर. घाटात ग्रुपमधल्या ग्रुपमध्ये ओव्हरटेक बंद. तुमच्या भाच्याला त्या ग्रुपचा शेवटचा रायडर व्हायला सांगा, खरंच. जबाबदारी दिली की पोरं वेगळी चालवतात, आणि मागून त्याला बाकीच्यांच्या लाईन दिसतील ज्या त्याला स्वतःच्या दिसत नाहीत.

आणि ते व्हिडिओ. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करण्याबद्दल आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी ५,००० पर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. स्वतःच्या विरुद्धचा पुरावा स्वतःच अपलोड करतोय तो. इन्शुरन्सचा कागदही काढून वाचायला द्या, गाडीच्या पॉलिसीत आयोजित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वापरातून वगळलेलं असतं.

प्रतिसाद (सध्या चेन्नई, मूळचा कोल्हापूर)

ट्रॅकचं मी सांगतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट (आधीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक) आहे, कोईम्बतूरला कारी मोटर स्पीडवे. ट्रॅकवर शिकवणारे आधी थ्रॉटल, नजर आणि कुठे वळायचं हेच घोटून घेतात, गुडघा टेकवणं वगैरे फार पुढचं. माझा वेग रस्त्यावर कमी झाला, कारण पूर्ण जोरात चालवणं म्हणजे काय हे तिथे कळलं, आणि त्यासाठी किती मोकळी जागा, किती स्वच्छ डांबर आणि बाजूला उभी अँब्युलन्स लागते हेही कळलं. पण तिथून येऊन घाटात तीच लाईन मारणारेही पाहिलेत. म्हणून आधी वर सांगितलेली मैदानावरची प्रॅक्टिस, सवय बसली की मग ट्रॅक.

एक जुना अभ्यास पण त्याला सांगा. अमेरिकेत १९८१ मध्ये हर्ट रिपोर्ट आला, त्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यातले ९२ टक्के रायडर स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आपल्याकडे तर जवळजवळ सगळेच तसे.

अजून एक, सेकंडहँड गाडी आहे तर टायरच्या कडेवरचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसली तरी रबर कडक झालेलं असतं, आणि तुम्ही सांगितलेलं खडीवरचं सरकणं थोडं त्यामुळेही असू शकतं.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. टायर आत्ताच फोन करून बघायला लावले, मागचा २०१८ चा निघाला, तो या आठवड्यात बदलतोय, पैसे मी देतो म्हटलं. हेल्मेट कुठे आहे ते मोजायचं, हे वाक्य त्याला पाठवलं, त्यावर बराच वेळ काही आलं नाही आणि मग आलं की मामा, रविवारी तुम्ही मागून शूट करा, मला बघायचंय. पसरणी घाटात जाऊ म्हणतोय, वाईहून वर. मी मागून कॅमेरा हेल्मेटला लावायचा की गाडीच्या टाकीवर, कशाने त्याची लाईन पट्टीच्या तुलनेत नीट दिसेल? ज्यांनी असं केलंय त्यांनी शनिवारपर्यंत सांगा. आणि शेवटचा रायडर व्हायचं मी त्याला अजून सुचवलेलं नाही, ते ताईकडून गेलं तर जास्त ऐकेल की त्याच्या ग्रुपच्या लीडरशी मी थेट बोलू?