पानगळीचा पाचोळा: ढीग कुजत का नाही?

प्रश्न: पानगळ सुरू झाल्यापासून सगळा पाचोळा कोपऱ्यात रचतोय. वरची पानं कोरडीठाक, आतली एकमेकांना चिकटून थापे झालेत. वास नाही, पण कुजतही नाही. शेण घालावं का? गुलाबाची काळे ठिपके पडलेली पानं यात चालतील?

प्रतिसाद १: चिकटलेल्या थरांत हवा शिरत नाही, तिथेच काम अडलंय. ढीग मोडा, पानं झोडून किंवा कापून बारीक करा. नुसत्या सुक्या पानांत नत्र (नायट्रोजन) कमी असतं, म्हणून तीन घमेली पानांना एक घमेलं हिरवा कचरा किंवा शेण घाला, प्रत्येक थरावर पाणी शिंपडा. मूठभर माल घट्ट दाबला की एक-दोन थेंबच निघाले पाहिजेत. धार लागली तर सुकी पानं वाढवा. ढीग निदान तीन फूट लांब, रुंद, उंच हवा, लहान ढिगात ऊब टिकत नाही. दर पंधरा दिवसांनी बाहेरचं आत, आतलं बाहेर.

प्रतिसाद २: घाई नसेल तर शेणही नको. ओली पानं भोकं पाडलेल्या पोत्यात भरून सावलीत ठेवा. बुरशी सावकाश कुजवते, वर्ष-दीड वर्ष धरा. खत म्हणून ताकद बेताची, पण मातीत ओल धरायला उत्तम.

प्रतिसाद ३: गुलाबाची पानं अजिबात नको! घरगुती ढीग सगळीकडे सारखा तापत नाही, रोग शिल्लक राहतो. झाडाखाली पडलेलीही वेचून काढा. आणि पाचोळा मातीवर आच्छादन म्हणून पसरताना खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते.