आठवणीतले शिक्षक: त्यांनी शिकवलं ते नेमकं कसं?

5 सप्टेंबर आला की ‘सर फार प्रेमळ, बाई फार कडक’ एवढंच ऐकायला मिळतं. फळ्यावर त्यांनी आधी काय काढलं, हातात काय घेतलं, मुलं कुठे अडखळणार हे त्यांना आधीच कसं ठाऊक असायचं, ते सांगायचं राहूनच जातं. या धाग्यात तेवढंच लिहू या. शिक्षकांचं नाव नको, स्वतःचं कौतुक नको, मार्क तर नकोतच. उद्या कुणालाही करून पाहता येईल अशी पद्धत लिहा.

*

भूगोलाचे सर भारताचा नकाशा चौकटीतून काढायला शिकवत. देश दक्षिणोत्तर 3214 किमी आणि पूर्व-पश्चिम 2933 किमी, म्हणून चौकट 11 सेमी उंच आणि 10 सेमी रुंद. चौरस काढला तर नकाशा बसका होतो. तळापासून 5.8 सेमीवर एक आडवी रेघ, ते कर्कवृत्त. डावीकडून 4.9 सेमीवर उभी रेघ, ती 82½° पूर्व रेखांशाची, आपली प्रमाणवेळ जिच्यावर ठरते ती. किनारा काढायला घ्यायचा तो यानंतरच.

नेहमीची चूक म्हणजे कन्याकुमारी बरोब्बर मधोमध काढणं. ती डावीकडून साधारण 3.1 सेमीवर येते. मधोमध ओढली की पश्चिम किनारा तिरका पळतो आणि कोकणाची पट्टी नाहीशी होते. सरांची खूण अशी: दिल्ली आणि कन्याकुमारी जवळपास एकाच उभ्या रेषेत. दोन्ही ठिकाणी आधी ठिपका द्यायचा. मुंबई आणि नागपूर त्यानंतर आपोआप जागेवर बसतात. रेघा अगदी फिकट पेन्सिलीने काढायच्या, नाहीतर खोडताना किनाराही पुसला जातो. कर्कवृत्त खरं तर कडांना किंचित वर वळतं, पण शाळेच्या वहीत सरळ रेघ चालते.

*

आमच्या पहिलीच्या बाईंचा मुद्दा साधा होता. मराठीत एकक आधी बोलतो, दशक नंतर. लिहिताना मात्र उलटं. ‘त्रेपन्न’ ऐकलं की मुलाच्या कानावर आधी तीन पडतात, म्हणून ते 35 लिहितं. त्याला गणित येत नाही असं नाही, ते कानाशी इमान राखतं इतकंच.

त्यावर उपाय काड्यांचा. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधायचे. पाच गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या काड्या उजवीकडे. आधी ‘पन्नास आणि तीन’ म्हणायचं, मग अंक लिहायचे, आणि ‘त्रेपन्न’ हे नाव सगळ्यात शेवटी. क्रम बदलला की गोंधळ परत येतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! बाई ही रीत पायरी म्हणून वापरत, जुनं नाव त्यांनी सोडलं नाही.

‘एकोण’साठी त्या सहा गठ्ठे मांडत. एक गठ्ठा सोडायचा, त्यातली एक काडी बाजूला काढायची. उरले पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या: साठाला एक कमी, एकोणसाठ. 19 ते 89 पर्यंत हे चालतं. 99 तेवढा अपवाद, तो नव्याण्णव.

*

वरच्याला जोडून: 29 चा पाढा याच ‘एकोण’ने येतो. तीसचा पाढा म्हणायचा आणि जितक्या वेळा तितके वजा करायचे. 29 सत्ते म्हणजे 210 वजा 7, 203. वजाबाकी तोंडी पक्की नसेल तर याच्या वाटेला जाऊ नये.

*

विज्ञानाच्या सरांचा मेणबत्तीचा प्रयोग. ताटलीत बोटभर पाणी, त्यात शाईचे दोन थेंब, मधोमध पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. ‘ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असं सर्रास सांगितलं जातं. सर म्हणत, नीट बघा, पाणी कधी चढतं? ज्योत विझताना आणि विझल्यावर झपकन. ज्योत जळत असताना फारसं नाही.

खरं कारण उष्णता. ग्लास ज्योतीवर धरताना आतली हवा तापून प्रसरण पावते, काही बाहेर निसटते. काठाशी कधी बुडबुडे दिसतात. विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. पडताळा म्हणून एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावायच्या. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. इथे जुनं स्पष्टीकरण लंगडं पडतं. ग्लास अगदी सावकाश आणि ज्योतीच्या वरूनच आणावा. घाईने, बाजूने टेकवला तर फरक दिसतच नाही.

*

भूमितीच्या बाई काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन येत. ट्यूबचे दीड सेमीचे तुकडे करायचे, काड्यांचा गुल आधी खरवडून टाकायचा, आणि तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच तिरपा होतो. कर्णावर एक काडी घातली की तोही ताठ. ही कर्णाची काडी बाजूंपेक्षा लांब लागते, हे बाई सांगत नसत. मुलं अडकून स्वतः शोधत. तुकडे फार छोटे कापले तर काडी सारखी निसटते.

*

अक्षराबद्दल दोनच ओळी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत गफलत होते ती शिरोरेघेमुळे: ‘ध’ आणि ‘भ’ यांची रेघ डावीकडे तुटलेली असते. म्हणून आमचे सर आधी पूर्ण शब्द रेघेविना लिहायला लावत आणि रेघ शेवटी, तुटकी जागा सोडून. ‘ख’चे दोन भाग खाली जोडायचे, नाहीतर ‘खाना’चा ‘रवाना’ होतो.