मदत हवी आहे: १२,००० रुपयांत नवा फोन घेताना रॅम जास्त घ्यावी की वेगवान स्टोरेज?

जुना फोन ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड ९. आता बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय, त्यामुळे चार्जिंग बंद केलंय. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केली. ओरिजिनल बॅटरी मिळत नाही, आणि लोकल बॅटरी मला नको. त्याआधी फॅक्टरी रीसेट करून पाहिलं होतं, पण सिस्टिम आणि अपडेट्सनीच स्टोरेज भरतं. डेटाचा बॅकअप झालाय.

वापर: यूपीआय, बँकेची अ‍ॅप्स, लोकलचं तिकीट, व्हॉट्सअ‍ॅप, नकाशे. गेमिंग नाही. दोन सिम एकाच वेळी हवीत, सोबत मेमरी कार्डाचा वेगळा स्लॉट (हायब्रिड, म्हणजे दुसरं सिम किंवा कार्ड यांपैकी एकच बसणारा, नको), हेडफोन जॅक आणि जिओसाठी स्टँडअलोन (४जीच्या आधाराशिवाय चालणारं) ५जी. पावसाळ्यासाठी निदान आयपी ५४ (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण). रिफर्बिश्ड आणि ईएमआय नको. कॅमेरा कसाही चालेल.

अडलंय ते इथे. या किमतीत एकीकडे ६ जीबी रॅम पण ईएमएमसी (जुन्या, संथ प्रकारचं) स्टोरेज, दुसरीकडे ४ जीबी रॅम आणि यूएफएस २.२ (वेगवान प्रकारचं) स्टोरेज, अशी निवड समोर येते. 'व्हर्च्युअल रॅम' मी धरत नाही. ती स्टोरेजमधूनच घेतलेली असते, आणि ईएमएमसीवर तर आणखी संथ.

चार वर्षं वापरायचा असेल तर दोन्हींपैकी काय घ्यावं? आणि वरच्या अटींत बसणारं, सिक्युरिटी अपडेट्स खरोखर वेळेवर येणारं कुठलं मॉडेल तुम्ही स्वतः वापरताय?