कर्वेनगर ते शिवाजीनगर रोज सायकलने: कोणती घ्यावी, कशी सांभाळावी?

मुक्ता_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यापासून ऑफिसला सायकलने जायचं पक्कं केलंय. घर पुण्यात कर्वेनगरला, ऑफिस शिवाजीनगर कोर्टाच्या जवळ. एका बाजूने सातेक किलोमीटर. स्कूटर आहे, पण नळ स्टॉपच्या गर्दीत रोज उभं राहायचा वीट आलाय.

वय ४१, उंची पाच फूट दोन इंच. कॉलेज संपल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. ऑफिसला पंजाबी ड्रेस, क्वचित साडी. सोबत डबा आणि लॅपटॉप. बजेट १५ हजार, फार ताणलं तर १७.

रविवारी दोन दुकानं पालथी घातली. पहिल्याने २१ गिअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क अशी एक दणकट सायकल पुढे केली आणि म्हणाला, "मॅडम, आजकाल हीच जाते." दुसऱ्याने हायब्रिड (शॉकअप नसलेली, रस्त्यावर चालवायची हलकी सायकल) दाखवली. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर विचारलं तर म्हणे ते सगळं वेगळं घ्यावं लागेल! हे म्हणजे घर घ्या, दारं-खिडक्या वेगळ्या.

गिअर खरंच लागतात का? डिस्क की साधे ब्रेक? आणि घरच्या घरी काय काय करावं लागतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

चेतन_चिंचवड

ताई, डोळे झाकून शॉकअपवाली घ्या. पुण्याचे रस्ते बघता हायब्रिडने मणके खिळखिळे होतील. डिस्क तर हवीच, पावसात साधा ब्रेक लागत नाही. माझ्याकडे अशीच आहे, दर रविवारी लोणावळ्याकडे काढतो, काही त्रास नाही.

पेडलपंत

मुक्ताताई, चेतनराव रविवारी फिरायला जातात, तुम्हाला सोमवारी कामावर जायचंय. दोन्हीच्या सायकली वेगळ्या. जरा सविस्तर लिहितो. आकुर्डीला कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता रिटायर. सायकल शाळेत धरली ती सुटलेली नाही आणि आमच्या सोसायटीतल्या निम्म्या सायकली माझ्याच हाताखालून जातात.

आधी शॉकअप. या किमतीत जो येतो तो म्हणजे दोन नळ्या, आत स्प्रिंग आणि प्लास्टिकचे बुश. पुढचं चाक धरणाऱ्या साध्या चिमट्यापेक्षा किलोभर तरी जड. पहिल्या वर्षी बरा दबतो. पावसाळ्यात सीलमधून पाणी आत जातं, स्प्रिंग गंजते, दोन पावसाळ्यांनी तो दबायचाच बंद होतो. म्हणजे शॉक जातो आणि वजन तेवढं राहतं. खड्ड्याचं काम खरं तर टायरमधली हवा करते, त्यामुळे टायर थोडा रुंद घ्या. हायब्रिडला ७०० बाय ३५ किंवा ३८ येतो (दुसरा आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये), तो आपल्या रस्त्यांना पुरतो. ७०० बाय २८ वगैरे कोणी गळ्यात मारायला लागलं तर हात जोडा. जाड बटणांचे टायरही नकोत, डांबरावर नुसते घुंईं घुंईं करत तुमची ताकद खातात.

गिअरचं गणित सांगतो, आपल्याकडे कोणी सांगत नाही. जुन्या बिनगिअरच्या सायकलला पुढे साधारण ४४ दाते आणि मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल सव्वापाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. गिअरच्या सायकलला पुढे ३४ आणि मागे २८ लावलेत तर त्याच एका फेरीत अडीच-पावणेतीन मीटरच जाल, पण पायाला जोर निम्मा लागेल. चढावर हाच फरक कामाला येतो.

आता तुमच्या वाटेवर चढ म्हणावा असा नाही. डेक्कनकडे जाताना बारीक उतार, येताना तेवढाच चढ. तरी गिअर घ्या म्हणतो, आणि ते वाऱ्यासाठी. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो आणि तुम्ही दमून परतताना नेमक्या त्याच्या तोंडावर असता. मागे सात गिअर आणि पुढे एकच चक्र असलेली मिळाली तर सोनं. पुढे तीन चक्रं म्हणजे आणखी एक केबल, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा आणखी एक डिरेलर आणि चेन पडायची आणखी एक जागा. लोक २१ गिअरची सायकल घेतात आणि जन्मभर मधल्या चक्रावरच फिरतात.

ब्रेक. डिस्क पावसात चांगली धरते यात वाद नाही. घाट उतरायचा असता तर मीच डिस्क सुचवली असती. पण रोज तुमची सायकल पार्किंगमध्ये राहणार. तिथे कोणीतरी ॲक्टिव्हा सरकवताना स्टँड डिस्कवर घालतो, ती तबकडी केसभर वाकते आणि मग प्रत्येक फेरीला चिस्स, चिस्स. चेनवर मारलेल्या तेलाचा शिंतोडा तिच्यावर उडाला की ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही. व्ही-ब्रेकचं, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणाऱ्या साध्या ब्रेकचं, सगळं उघड्यावर दिसतं, शाळेतलं पोरही आवळू शकतं, रबरं कुठेही मिळतात. पावसात त्याचा एक नियम लक्षात ठेवा: पहिली फेरी रिमवरचं पाणी पुसण्यात जाते, म्हणून ब्रेक नेहमीपेक्षा अलीकडे दाबायला सुरुवात करायची.

फ्रेम खाली वाकलेल्या दांडीची घ्या. कॅरिअरवर लॅपटॉप असताना पाय मागून टाकून चढायला जड जातं, साडीत तर प्रश्नच मिटला. तुमच्या उंचीला १५-१६ इंची फ्रेम बसावी, पण आकड्यावर जाऊ नका, चालवून बघा. दुकानदार सीट इतकं खाली ठेवतात की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात. बरं वाटतं, आणि महिन्याभरात गुडघे बोलायला लागतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. ती तुमची उंची. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं.

आणि एक गोष्ट दुकानातच वाकून बघा: मागच्या एक्सलजवळ आणि सीटखाली फ्रेमला आट्यांची भोकं आहेत का. त्यांत मडगार्ड आणि कॅरिअरचे बोल्ट बसतात. भोकं नसतील तर क्लँप लावून काम भागवतात, ते खड्ड्यांनी सैल होतं आणि कॅरिअर एका बाजूला कलतं. भोकं नसलेली सायकल कितीही देखणी असली तरी तुमच्या उपयोगाची नाही.

बजेटपैकी १३ सायकलला ठेवा. उरलेल्यात पूर्ण लांबीची मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, पुढे-मागे लाइट, कुलूप आणि हातपंप. अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. जुना स्टॉक जुन्याच भावाने विकत असेल तर विचारायला लाजू नका.

चेतन_चिंचवड

पंत, लोणावळ्याला व्ही-ब्रेकवर उतरून दाखवा मग बोलू :) बाकी पार्किंगचा मुद्दा मान्य. माझीही तबकडी एकदा सरळ करून घेतलीये.

सायली_युट्रेक्ट

इथे हॉलंडमध्ये बायका-पुरुष सूट घालून, मुलं पुढे-मागे बसवून रोज सायकलवर असतात. त्या सायकली बघितल्या तर तुमचा दुकानदार नाक मुरडेल. जड, सरळ बसायच्या, चेनला पूर्ण झाकण, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी कपडे अडकू नयेत म्हणून पडदा, आणि गिअर असलेच तर तीन, तेही हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत. मुक्ता, ओढणीचा विचार आधी कर. चेनला निदान अर्धं कव्हर आणि मागच्या चाकावर जाळी बसवून घे.

मुक्ता_कर्वेनगर

सगळ्यांचे आभार. पंतकाका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून दुकानात नेला. आट्यांची भोकं विचारल्यावर तो पोरगा आत जाऊन मालकांना घेऊन आला! शेवटी वाकड्या दांडीची, मागे सात गिअर, व्ही-ब्रेक अशी बुक केली. मडगार्ड, कॅरिअर, अर्धं चेन कव्हर धरून १६,४०० ला पडतेय. जाळीही बसवून देतो म्हणाला.

आता देखभालीचं सांगा ना. आणि रस्ता कोणता धरू?

पेडलपंत

छान केलंत. रस्ता आधी. कर्वे रस्त्याच्या नादी लागू नका. राजाराम पुलापाशी येऊन डीपी रोडने म्हात्रे पुलापर्यंत, तिथून एरंडवण्यातल्या गल्ल्यांनी डेक्कन. पुढे जाताना फर्ग्युसन रस्ता, येताना जंगली महाराज. जंगली महाराजला फुटपाथलगत सायकल ट्रॅक आहे. त्यावर लावलेल्या गाड्यांना वळसा घालायची तयारी ठेवा. लग्नसराईत संध्याकाळी डीपी रोडवर लॉन्सच्या बाहेर वराती आणि गाड्यांची झुंबड असते, त्या दिवसांत थोडं उशिरा निघा.

आता देखभाल. नव्वद टक्के काम हवा आणि चेन.

हवा आठवड्यातून एकदा, स्वतःच्या पंपाने. टायरच्या बाजूला किमान-कमाल पीएसआय (हवेचा दाब) छापलेलं असतं. तुमच्या वजनाला पुढे ५० आणि मागे ५५ च्या आसपास ठेवून बघा, छापलेल्या मर्यादेच्या आत असलं म्हणजे झालं. पेट्रोल पंपावर तो माणूस मोटारसायकलच्या हिशोबाने ३० भरतो, त्यात सायकल दलदलीतून चालल्यासारखी वाटते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याहून वाईट, सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी, दोन सेकंद जास्त धरलं तर फट्ट. ट्यूबला मोटारसायकलसारखा जाड वॉल आहे ना तेवढं बघून घ्या, बारीक वॉल असला तर अडीअडचणीला कुठेच हवा मिळत नाही.

चेनला ग्रीस कधीही नको. आणि मेकॅनिकने डब्यातलं काळं इंजिन ऑइल ओतायला घेतलं तर त्याचा हात धरा. त्यात धातूचा कीस असतो, त्याने चेन घासली जाते. कृती अशी: जुना बनियन घ्या, चेन त्यात धरून पायडल उलटं फिरवा, काळं निघेल तेवढं काढा. मग प्रत्येक रोलरवर एकच थेंब तेल. सायकलचं मिळालं तर ते, नाहीतर शिलाई मशीनचंही चालतं, पण ते पातळ असल्याने पावसात लगेच धुऊन जातं. पाच मिनिटं थांबा आणि मग वरवरचं सगळं तेल पुन्हा पुसून टाका. हे शेवटचं कोणी करत नाही. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलं की त्याला धूळ चिकटते आणि तिचा घासणारा लगदा होतो. कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांनी पुरे, पावसाळ्यात भिजलात की त्याच रात्री.

चेन कधी बदलायची हे मुलांच्या कंपासमधल्या स्टीलच्या पट्टीने कळतं. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध लावा, चेन ताणून धरा आणि १२ च्या रेघेवर काय आहे ते बघा. पिनेचा मध्य बरोबर रेघेवर असेल तर चेन ठणठणीत. एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला, चार-पाचशेचं काम. तरी तशीच दामटलीत आणि तो एक अष्टमांश पुढे गेला तर मागच्या फ्रीचे (मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचे) दातेही त्या ताणलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात. मग नवी चेन त्यावर उड्या मारते आणि फ्रीसुद्धा बदलावं लागतं.

ब्रेकची रबरं पावसाळ्यात अधूनमधून बघा. त्यांत वाळूचे कण आणि ॲल्युमिनियमचे चमकते तुकडे रुततात, ते टाचणीने उकरून काढायचे. नाहीतर खर्र आवाज येतो आणि रिम खाल्ली जाते. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की नवी जोडी.

चाकातला आउट (डगमग) काढणं, छर्रे-कटोरी (बेअरिंग), ओव्हरऑइलिंग (सगळं खोलून साफसफाई आणि तेल-ग्रीस) हे मेकॅनिकवर सोडा. वर्षातून एकदा, गणपतीनंतर पाऊस ओसरला की करून घ्या. नवी सायकल महिन्याभराने मात्र नक्की दाखवा. केबल ताणल्या जातात, स्पोक सैल होतात, पहिली सर्व्हिस बहुधा फुकट असते आणि लोक तीच बुडवतात.

अनिकेत_सातारा रोड

पंक्चरबद्दल माझी भर. पॅच लावून बाहेर पडायच्या आधी ट्यूबला भोक कुठे पडलंय ते बघा. बाहेरच्या बाजूला असेल तर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, काच किंवा तार असेल तिथे कापूस अडकतो. तो तुकडा तसाच राहिला तर उद्या पुन्हा पंक्चर. भोक आतल्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकून स्पोकचं डोकं टोचतंय. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब चिमटली.

मुक्ता_कर्वेनगर

हे सगळं वहीत उतरवून ठेवतेय. शेवटचा प्रश्न: ऑफिसबाहेर दिवसभर उभी राहणार. कुलूप कोणतं? आणि सीटखाली तो हाताने फिरवायचा खटका आहे, त्याने सीट कोणीही काढून नेईल ना?

पेडलपंत

नेईलच. तो खटका काढा आणि त्या जागी साधा ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचा, चावीनेच उघडणारा) टाका, दुकानात किरकोळ पैशांत मिळतो, बहुतेक पाच नंबरची ॲलन की लागते. उंची एकदा ठरली की रोज बदलायचं कारणच नाही. पुढच्या चाकालाही तसाच खटका असेल तर तिथे नटाचा एक्सल घालून मागा.

कुलूप यू आकाराचं घ्या, मागचं चाक आणि फ्रेमची नळी दोन्ही एकत्र अडकवून रेलिंगला. नंबरचं बारीक केबलवालं कुलूप कटरच्या एका दाबात तुटतं, ते हेल्मेट अडकवायला वापरा.