मास्टहेड झाकला म्हणून संकेत मोडला?

ब्रिटनमधल्या ए-लेव्हलच्या (आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या) मुलांनी मीडिया स्टडीजसाठी केलेल्या संगीत मासिकात गायिकेचं डोकं मास्टहेडवर (मुखपृष्ठावर छापलेल्या मासिकाच्या नावावर) आलंय, म्हणजे त्यांनी मासिकाच्या मांडणीचा संकेत मोडला, असा एक आक्षेप आहे. मला नाही पटत. 'क्यू', 'केरँग!' ही ब्रिटिश संगीत मासिकं वर्षानुवर्षं हेच करत आली. नावाचं अर्धं अक्षर दिसलं तरी वाचक ओळखायचा, एवढी ओळख त्यांनी कमावली होती. नव्या मासिकाकडे ती नसते. शिवाय स्टँडवर अंक एकमेकांवर चढवलेले असतात, डावी कड तेवढी दिसते. तिथे 'क्यू'चा कोपऱ्यातला लाल चौकोन लगेच सापडायचा.

संकेत मोडणं बघायचं तर अमेरिकेतलं 'रे गन' हे संगीत मासिक बघा. 1994 मध्ये त्याचा डिझायनर डेव्हिड कार्सनला गायक ब्रायन फेरीची मुलाखत इतकी कंटाळवाणी वाटली की त्याने ती झॅप्फ डिंगबॅट्समध्ये लावली. हा नुसत्या चिन्हांचा फाँट! पानभर चांदण्या, चौकोन, बाण. एक शब्द लागत नाही. पण तोच मजकूर वाचता येईल अशा टाइपात अंकात मागे दिला होता, आणि मला त्याचंच जास्त कौतुक आहे. ड्रॉप कॅप (मजकुराच्या सुरुवातीचं मोठं अक्षर) वापरला की नाही यावर मार्क देण्याआधी शिक्षकांनी ही दोन्ही पानं मुलांपुढे ठेवावीत.