तारेचे पैलवान: स्टॉप मोशनचा सांगाडा कसा शिकावा? (कोल्हापूर)

तांबडी_माती:
नमस्कार मंडळी. एक मिनिटाची स्टॉप मोशन फिल्म (बाहुले थोडे थोडे हलवून एकेक फोटो काढत केलेली) करायची आहे. विषय कुस्ती: लाल मातीचा आखाडा, दोन पैलवान, शेवट ढाक डावावर. नुसत्या क्लेचे बाहुले तोल धरत नाहीत, म्हणून आत तारेचा सांगाडा हवा. परदेशी बॉल-सॉकेटची किटं (गोळी-खोबणीच्या धातूच्या सांध्यांचे सांगाडे) बजेटमध्ये बसत नाहीत. इथं कुठली तार घ्यावी आणि शिकायला कुठून सुरुवात करावी? हाताशी ड्रिल मशीन, पक्कड आणि मोबाइल आहे.

वळणदार:
विषय झकास घेतलाय. किटच्या नादाला लागू नका, पहिले बाहुले तारेचेच करा.

अ‍ॅल्युमिनियमची नरम तार लागते. उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं साहित्य विकणाऱ्यांकडे विचारा. 16 गेज मागा, म्हणजे साधारण 1.6 मिमी. दुकानातच एक तुकडा काटकोनात वाकवून सोडा. ठेवला तसा राहिला तर घ्या, मागं उसळला तर नको. सेंट्रिंगवाल्यांची बांधायची तार याच कारणानं बाद होते.

तार दुमडून वळसा खिळ्यात अडकवा, दोन्ही टोकं ड्रिलच्या चकमध्ये धरा आणि सावकाश फिरवा. पीळ एकसारखा बसला की थांबा. जास्त पिळलं की तार आधीच कडक होते आणि लवकर तुटते.

मग मांडी, पिंढरी, दंड, कंबर, छाती इथं एम-सीलची हाडं. त्याआधी त्या जागी बारीक तार गुंडाळा, नाहीतर हाड तारेवर गोल फिरतं. गुडघ्याला, कोपराला मात्र बोटाच्या रुंदीएवढी तार उघडी ठेवा. दोन हाडं फार जवळ आणली तर सगळा वाक एकाच जागी येतो आणि तिथंच तुकडा पडतो.

काहीही केलं तरी तार कधीतरी तुटणारच, आणि कुस्तीत तर लवकर. म्हणून खांद्यात आणि कमरेत पितळी चौकोनी नळीचे तुकडे एम-सीलमध्ये बसवा, आणि हातापायांच्या टोकांना त्यात घट्ट बसणारी बारकी चौकोनी नळी. गोल नळी नको, हात जागेवर फिरतो. शूटिंग चालू असताना हात गेला तर उपसायचा आणि दुसरा बसवायचा. जादा हात आधीच करून ठेवा. सगळ्या कामात मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

बाहुला उभा राहावा म्हणून तळपायात 3 मिमीचा नट, आखाड्याच्या प्लायला भोक, खालून बोल्ट.

शाहूपुरीकर:
वळणदार यांच्याशी सहमत. मातीचं तेवढं सांगतो. सुटी माती पसरू नका. प्रत्येक फोटोला बोट लागून कण हलतात आणि पडद्यावर जमीन उकळल्यासारखी दिसते. माती चाळून फेव्हिकॉलमध्ये कालवा आणि प्लायवर थापा. बोल्टची उघडी भोकं त्याच रंगाच्या क्लेनं बुजवा.

उघड्या अंगाचे पैलवान आहेत, तेव्हा खांदे-मांड्यांची ठेवण जमली पाहिजे. गणपती झाले की कुंभार गल्लीत मूर्तिकारांकडे जाऊन बसा, त्याआधी त्यांना मान वर करायला सवड नसते. आणि गंगावेश तालमीत वस्तादांना विचारून ढाकेचा व्हिडिओ काढा. एकेक फ्रेम थांबवून बघा, वजन कुठल्या पायावर येतं ते कळेल.

तांबडी_माती:
दोघांचेही मनापासून आभार. ढाक मारताना एक जण हवेत जातो, त्याचं काय करायचं? क्लेचं वजनही बरंच होतंय.

वळणदार:
सगळं अंग क्लेचं करू नका ताई. छाती-पोटाला अ‍ॅल्युमिनियम फॉईल चुरगाळून दाबून बसवा, वर क्लेचा पातळ थर. दिवे एलईडीच लावा, बाकीच्यांच्या उष्णतेनं क्ले मऊ पडते.

हवेतल्या पैलवानाच्या पाठीत एक नट बसवा आणि मागून जाड तारेचा आधार द्या. कॅमेरा न हलवता रिकाम्या आखाड्याचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर संगणकावर आधार पुसता येतो. मोबाइलचा फोकस आणि एक्सपोजर लॉक करायला विसरू नका. स्टॉप मोशन स्टुडिओ नावाच्या अ‍ॅपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसतो, त्यावरून पुढची हालचाल किती करायची ते ठरतं.

सेकंदाला 12 फोटो धरले तर मिनिटाचे 720 होतात. एवढ्यात हात घालू नका. ढाक दीड सेकंदाची धरली तर 18 फोटो. तेवढाच भाग आधी क्ले न लावता उघड्या सांगाड्यांवर काढा आणि इथं टाका. कुठला सांधा कमी पडतोय ते बघून सांगतो.