वर्गणी ज्याच्या-त्याच्या तारखेला घ्यावी की सगळ्यांची एकदम?

नवा खजिनदार
आमचं आकाशनिरीक्षणाचं छोटं मंडळ आहे, ८४ सभासद. निवडीच्या सभेला मी उशिरा पोचलो, तोवर खजिनदारकी माझ्या नावावर लागली होती. आमच्याकडे माणूस ज्या दिवशी सभासद होतो, त्या दिवसापासून वर्ष मोजतात. त्यामुळे दर आठवड्याला कुणाची ना कुणाची मुदत संपते आणि मी बारा महिने वसुलीवर. परवा एक सभासद आठ इंची दुर्बीण न्यायला आले. वही बघतो तर मुदत अकरा दिवसांपूर्वी संपलेली, आणि दुर्बीण फक्त चालू सभासदालाच द्यायची असा नियम. मी पावतीपुस्तक शोधतोय आणि ते गाडीची डिकी उघडून उभे. एकजण तर २९ फेब्रुवारीला सभासद झालेत. त्यांची मुदत कधी संपते यावर समितीत अर्धा तास खल झाला, आणि निर्णय झालाच नाही. सगळ्यांची एकच तारीख करावी का? मधेच येणाऱ्यांचं काय करायचं?

पक्षीवाली
एकच तारीख करा. मी सहा वर्षं आमच्या पक्षीनिरीक्षण गटाचे हिशेब बघितले, त्यातली पहिली दोन तुमच्यासारखीच गेली. फक्त ती तारीख वार्षिक सभेच्या दीड-दोन महिने आधीची ठेवा. मतदार कोण आणि गणपूर्ती किती, हे सभेच्या दारात ठरवायची वेळ यायला नको. मधे येणाऱ्याकडून उरलेल्या महिन्यांचीच वर्गणी घ्यायची: चार महिने उरले असतील तर एक तृतीयांश. शेवटच्या तीन महिन्यांत आला तर पूर्ण वर्गणी घ्या आणि पुढचं वर्षही त्यातच धरा. माणूस खूश, आणि तीन महिन्यांत पुन्हा त्याच्यामागे लागायचं तुमचंही वाचतं.

हिशेबी
जरा वेगळं मत. एकच तारीख ठेवली की सगळे पैसे एकदम येतात आणि दहाव्या महिन्यात तिजोरीत खडखडाट. शिवाय तो एक महिना खजिनदाराला दुसरं काही सुचत नाही. सभासद चार-पाचशे असतील आणि पैसे बँकेतून आपोआप वळते होत असतील, तर ज्याची-त्याची तारीखच बरी. मधला मार्गही आहे. तारीख कुठलीही असो, मुदत त्या महिन्याच्या अखेरीला संपते असं धरा. ८४ तारखांच्या बारा होतील. तुमच्या २९ फेब्रुवारीचाही निकाल लागेल.

पण कुठलीही पद्धत घ्या, एक चूक करू नका. उशिरा पैसे भरणाऱ्याचं नवं वर्ष पैसे भरल्या दिवसापासून मोजू नका, जुनी मुदत संपली तिथूनच मोजा. आमच्याकडे एक गृहस्थ दरवर्षी तीन आठवडे उशिरा यायचे, अगदी हसतमुखाने. चार वर्षांत बारा आठवडे फुकट! लबाडी नव्हती हो, आम्हीच पावतीवर त्या दिवसाची तारीख टाकत होतो.

नवा खजिनदार
ही चूक आमच्याकडे आहेच, आत्ताच वही उघडून बघितली. ८४ जणांसाठी एकच तारीख बरी वाटतेय, ३१ डिसेंबर, कारण आमची सभा फेब्रुवारीत असते. पण ज्यांनी आधीच वर्षाचे पैसे भरलेत त्यांचं काय?

पक्षीवाली
भरलेले महिने कुणाचे कापू नका, नाहीतर सभेत फक्त तेवढाच विषय चालेल. ज्याची मुदत जेव्हा संपेल तेव्हा त्याच्याकडून डिसेंबरपर्यंतचेच पैसे घ्या. एप्रिलअखेर संपली तर आठ महिन्यांचे. ऑक्टोबरअखेर संपली तर दोन महिने अधिक पुढचं वर्ष, अशी चौदा महिन्यांची एकच पावती. एका वर्षात सगळे रांगेत येतात. आठवण महिनाभर आधी एकदा, मग शेवटच्या आठवड्यात एकदा. त्यानंतर महिनाभर सवलत द्या, पण त्या महिन्यात दुर्बीण नाही. ग्रुपवर थकबाकीदारांची यादी मात्र टाकू नका. आम्ही एकदा टाकली आणि दोन चांगली माणसं कायमची गेली.

नवा खजिनदार
समितीपुढे हेच ठेवतो. २९ फेब्रुवारीवाले तेवढे कुरकुरतील. वर्गणी चार वर्षांतून एकदाच द्यायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलंय.